जुनी बी.एस्सी. हाताशी आहे आणि आता अमेरिकेत नर्सिंग करायचंय, तर सुरुवात कुठून करायची

मंडळाच्या गणपतीला, कुणाच्या मंगळागौरीला, दरवेळी कुणीतरी मला जरा बाजूला घेतं आणि विचारतं, अगं तू हे नर्सिंग कसं काय केलंस, माझी पण बी.एस्सी. आहे पण वीस वर्षं होऊन गेली, ती चालेल का आता? फोनवर प्रत्येकीला तेच सांगते, अर्धं विसरते, मग रात्री आठवतं की अरे ते नावाचं सांगायचंच राहिलं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. माझी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी १९९९ ची, महाराष्ट्रातल्या युनिव्हर्सिटीची, नंतर लग्न, अमेरिका, दोन मुलं, मधे काही वर्षं एका ऑफिसात डेटा एन्ट्री. २०२१ मध्ये पुन्हा कॉलेजात नाव घातलं आणि जुलै २०२५ मध्ये एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, पास झाले, आता न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या टेलिमेट्री फ्लोअरवर, म्हणजे पेशंटचे हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात तिथे, नाइट शिफ्ट करते.

"चालेल का" ह्याचं एका शब्दात उत्तर नाही, कारण आपल्या डिग्रीचे इथे तुकडे करून बघतात. डिग्री म्हणून एक किंमत, इंग्लिश, सायकॉलॉजी, स्टॅट्स असल्या विषयांची दुसरी किंमत आणि सायन्सच्या विषयांची तिसरी. पहिल्या दोन बऱ्याचदा टिकतात. तिसरी बहुतेक वेळा संपलेली असते. हे एकदा डोक्यात स्पष्ट झालं ना की पुढचे निम्मे मनस्ताप वाचतात, कारण बऱ्याच जणी जुन्या सायन्सचे क्रेडिट वाचवायला वर्षभर भांडत बसतात आणि त्याच वर्षात ते विषय नव्याने करून मोकळ्या झाल्या असत्या. मी स्वतः सात महिने असेच घालवले.

आधी रस्ते समजून घ्या. रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन व्हायला कम्युनिटी कॉलेजमधून असोसिएट डिग्री करता येते, तिला एडीएन म्हणतात, मुख्य प्रोग्राम दोन वर्षांचा, पण त्याच्या आधीचे प्रीरेक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय, धरले की तीन वर्षं सहज जातात. दुसरा रस्ता बीएसएन, नर्सिंगमधली चार वर्षांची बॅचलर्स. तिसरा आपल्यासारख्यांसाठीच काढलेला अॅक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याही विषयाची बॅचलर्स आहे त्यांना साधारण वर्ष ते दीड वर्षात बीएसएन, पण त्याच्याही आधी सगळे प्रीरेक्विझिट हातात लागतात आणि त्या काळात नोकरी करणं जवळजवळ अशक्य. थेट मास्टर्सवाले प्रोग्रामही असतात, ते महाग, त्यात मी शिरत नाही. शेवटी परीक्षा सगळ्यांची एकच, एनक्लेक्स-आरएन, आणि लायसन्सवर तुम्ही कुठल्या रस्त्याने आलात ते लिहिलेलं नसतं. फरक पडतो तो नोकरीत, मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात किंवा अमुक वर्षांत पूर्ण करा असं लिहून घेतात, आणि न्यू यॉर्क राज्यात तर २०१७ मध्ये कायदाच झाला की नव्या आरएनने दहा वर्षांत बीएसएन करायचं. पण एडीएन झाल्यावर नोकरी करता करता ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन करता येतं, पुष्कळदा फी हॉस्पिटलच भरतं किंवा निम्मी तरी देतं. मी तेच करतेय.

अॅक्सिलरेटेडच्या बाबतीत आपल्या लोकांची एक खास अडचण आहे आणि ती आधी कुणी सांगत नाही. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, इथली बॅचलर्स चार वर्षांची. काही युनिव्हर्सिट्या तीन वर्षांच्या डिग्रीला पूर्ण बॅचलर्स मानतच नाहीत. काही मानतात. इव्हॅल्युएशन करणाऱ्या, म्हणजे आपली डिग्री इथल्या हिशेबात कशी बसते ते ठरवणाऱ्या एजन्सींचेही नियम वेगवेगळे, कुणी तुमच्या कॉलेजची नॅक ग्रेड (भारतात कॉलेजांना मिळणारी दर्जाची श्रेणी) आणि तुमचा क्लास बघतं, कुणी तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं म्हणून सोडून देतं. मला एका ठिकाणी फोनवर हो म्हणाले, मी तिथल्या यादीप्रमाणे एक विषय पण करून टाकला आणि मग अॅडमिशन ऑफिसने सांगितलं की डिग्री इक्विव्हॅलंट नाही. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगते, पहिला डॉलर खर्च करायच्या आधी ईमेलवर विचारा, "माझी भारतातली तीन वर्षांची बॅचलर्स आहे, तुमच्या प्रोग्रामला ती चालते का आणि कुठल्या एजन्सीचं इव्हॅल्युएशन तुम्ही धरता", आणि उत्तर लेखी आलं की ते जपून ठेवा. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका. ज्यांनी पुढे एम.एस्सी. केलंय त्यांना हा त्रास फारसा होत नाही, तीन अधिक दोन धरून डिग्रीचा प्रश्न बहुधा मिटतो.

आता जुन्या विषयांचं. बहुतेक नर्सिंग प्रोग्राम हे विषय आधी मागतात: अॅनॅटॉमी अँड फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी, कुठे केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश कॉम्पोझिशन, जनरल सायकॉलॉजी, लाइफस्पॅनची डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी आणि काही ठिकाणी न्यूट्रिशन. ह्यातल्या सायन्सच्या विषयांना मुदत असते, कुठे पाच वर्षं, कुठे सात, कुठे दहा, आणि ही मुदत प्रत्येक कॉलेजची स्वतःची असते. इंग्लिश, सायकॉलॉजी ह्यांना बहुधा मुदत नसते. मुदत कुठल्या दिवसापासून मोजतात तेही बघा, कुठे अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात तर कुठे प्रोग्राम सुरू होतो त्या तारखेपासून, आणि ह्या दोन्हींत सहा-आठ महिन्यांचा फरक पडतो. पाच वर्षांची मुदत असेल आणि तुम्ही अॅनॅटॉमी अगदी सुरुवातीला करून मग बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण अशी गॅप घेतली तर नवीन केलेला विषयसुद्धा जुना होतो. माझ्या बॅचमधल्या एका मुलीचं असंच झालं, तिला अॅनॅटॉमी दोन पुन्हा करावी लागली. ज्यांचे क्रेडिट इथलेच आहेत, दहा वर्षांपूर्वी इथल्या कॉलेजात काही विषय करून सोडलेले, त्यांनाही मुदत हीच लागू.

एक शांतपणे करायचं काम सांगते. एक संध्याकाळ काढा, वही घ्या, गाडीने जाता येईल अशी तीन-चार कॉलेजं निवडा आणि प्रत्येकाचं एक पान करा. कुठले विषय, सायन्सची मुदत किती, लॅब ऑनलाइन चालते का प्रत्यक्षच हवी, कमीत कमी ग्रेड काय, एक विषय किती वेळा रिपीट केलेला चालतो, प्रवेश परीक्षा टीज का हेसी, फॉर्म कधी बंद होतो, आणि प्रोग्रामला एसीईएन किंवा सीसीएनई ह्या नर्सिंगचे प्रोग्राम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मान्यता नसलेल्या ठिकाणी पैसे भरले तर पुढे बीएसएन किंवा मास्टर्सला दारं बंद होऊ शकतात. तसंच त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी आणि त्या कॉलेजचा एनक्लेक्स पास होण्याचा टक्काही बघा, तो बोर्डाच्या साइटवर असतो. चार पानं शेजारी ठेवलीत की लगेच दिसतं की कुठले विषय चारही ठिकाणी लागतात. ते आधी करायचे. अॅनॅटॉमी एक हा विषय मी असं एकही पान बघितलं नाही ज्यावर नव्हता.

मग इव्हॅल्युएशन. वेस, ईसीई अशा एजन्सी आहेत, नेसिस नावाच्या संघटनेच्या त्या मेंबर आहेत, आणि कॉलेजं बहुधा नेसिसचा मेंबर चालेल असं म्हणतात. रिपोर्ट दोन प्रकारचा असतो, एक नुसती डिग्री सांगणारा आणि एक कोर्स बाय कोर्स, ज्यात प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड येते. आपल्याला दुसराच घ्यायचा, पहिला स्वस्त असतो म्हणून घेतला तर पुन्हा पैसे भरावे लागतात. सीजीएफएनएस हे नाव ऐकून घाबरून जाऊ नका, ते भारतात नर्सिंग शिकून आलेल्यांसाठी आहे, आपण नर्सिंग इथेच शिकणार तर त्याचा संबंध नाही. आणि आपल्याकडचे पंचावन्न-साठ टक्के बघून लाज वाटू देऊ नका, इथे टक्के जसेच्या तसे धरत नाहीत, आपल्याकडच्या मार्क देण्याच्या पद्धतीप्रमाणे ग्रेडमध्ये बदलतात, माझे एकसष्ट टक्के होते आणि रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला.

कागदपत्रांची खरी लढाई भारतात असते. तुमच्याकडच्या मार्कलिस्ट पुरत नाहीत, युनिव्हर्सिटीने थेट एजन्सीला ट्रान्सक्रिप्ट पाठवायला लागतो, बंद पाकिटात सही-शिक्क्यानिशी नाहीतर ऑनलाइन, ज्या युनिव्हर्सिटीची जी सोय असेल ती. आधी एजन्सीच्या साइटवर तुमच्या युनिव्हर्सिटीसाठी काय हवंय ते वाचा, मगच अर्ज करा. माझं काम माझ्या मामेभावाने केलं, तीन चकरा मारल्या बिचाऱ्याने, आणि तिसऱ्या चकरेत कळलं की एस.वाय.ची मार्कलिस्ट मी जी स्कॅन करून पाठवली होती ती फोल्ड केलेल्या जागी सीट नंबरवरच पुसली गेली होती. तेव्हा भारतात गेलात की सगळ्या मार्कलिस्ट, पासिंग सर्टिफिकेट आणि डिग्री सर्टिफिकेट दोन्ही, दोन्ही बाजूंनी, चांगल्या उजेडात स्कॅन करून घेऊन या, कॉलेज सुरू करायचं ठरलेलं नसलं तरी.

आणि नाव. हे मी मगाशी म्हटलं ते. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव, पुढे कधी आईचंही. लग्नानंतर पासपोर्टवर नाव तेच पण मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं, काही घरांत तर नावही बदललेलं. इथल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला ह्यातलं काहीच माहीत नसतं, त्याच्या दृष्टीने ह्या दोन सरळ सरळ वेगळ्या बायका आहेत. लग्नाचं सर्टिफिकेट मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या, नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत काढून ठेवा, आणि कॉलेज, एजन्सी, टीज, पुढे लायसन्स, सगळीकडे एकच नाव, पासपोर्टवर किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. एका अक्षराच्या फरकाने एनक्लेक्सच्या दिवशी सेंटरवरून परत पाठवतात, कारण ओळखपत्रावरचं नाव आणि रजिस्ट्रेशनचं नाव जुळायलाच लागतं.

रिपोर्ट आला की त्यात एक गोष्ट नक्की सापडेल, आपले विषय "पेपर वन, पेपर टू" असे असतात आणि प्रॅक्टिकलचे मार्क वेगळ्या रकान्यात, त्यामुळे मायक्रोबायॉलॉजीचे क्रेडिट दिसतात पण लॅब कुठल्या विषयाची ते समजत नाही. विषय मुदतीत बसत असेल तर जुना सिलॅबस डिपार्टमेंटकडून सही-शिक्का मारून मागवा आणि कॉलेजला द्या, त्याने फरक पडतो. मुदतीत बसतच नसेल तर ह्याच्या मागे लागू नका. इंग्लिशचंही असंच, भारतातलं एफ.वाय.चं इंग्लिश इथल्या कॉम्पोझिशनच्या जागी बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत, तो विषय करावाच लागतो आणि माझं प्रामाणिक मत आहे की तो करावाच, कारण पुढे नर्सिंगमध्ये लिहायचं खूप असतं.

अॅनॅटॉमी पुन्हा करायची म्हटल्यावर मला खूप वाईट वाटलं होतं, आपण शिकलेल्याला काहीच किंमत नाही असं. मी मराठी शाळेत दहावी केली, बी.एस्सी. केली, परीक्षा दिल्या, आणि आता अठरा वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या बाकापासून. दुसऱ्या सेमिस्टरला लॅबमध्ये मेंढीचं हृदय दिलं. ट्रेमध्ये ठेवलेलं, फिक्कट, रबरासारखं घट्ट, प्रिझर्व्हेटिव्हचा वास नाकात बसलेला. उभं कापलं तेव्हा आत पांढऱ्या दोऱ्यांसारखे तंतू दिसले, झडपांना खाली धरून ठेवणारे, आणि मला एकदम आमच्या शाळेच्या बाई आठवल्या, फळ्यावर खडूने काढलेलं हृदय, डावी कर्णिका, डावी जवनिका, महाधमनी. सगळं डोक्यात होतंच, नुसती नावं बदलायची होती. ग्लव्ह घातलेलं बोट मी त्या डाव्या जवनिकेच्या भिंतीवरून फिरवलं, उजवीपेक्षा कितीतरी जाड, आणि ती जाड का असते हे मी त्या दिवशी हातांनी शिकले. आज फ्लोअरवर हार्ट फेल्युअरच्या पेशंटचे पाय सुजलेले बघते आणि त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावते तेव्हा तीच भिंत माझ्या बोटाखाली असते. वीस वर्षांपूर्वीच्या मार्कांवर मला हे सोडून दिलं असतं तर पेशंटचं नुकसान झालं असतं. म्हणून आता कुणी मला विचारलं की क्रेडिट वाचवता येईल का, तर मी म्हणते बाकीचं सगळं वाचवा, अॅनॅटॉमी-फिजिऑलॉजी मात्र नव्याने करा, मुदतीत बसत असली तरी, जर ती विसरली असाल तर.

अभ्यासाची पद्धत बदलावी लागते. आपल्याला डेफिनिशन पाठ करून पाच मार्कांचं उत्तर लिहायची सवय, इथे मल्टिपल चॉइस असतात आणि चारही पर्याय खरे वाटतात. मी रोज पहाटे साडेचारला उठून दीड तास बसायची, घरात शांतता, ओट्यावर चहा, आणि हाडांची नावं मी स्वतःच्या हातावर बोट ठेवून म्हणायची. रात्री मुलगी माझी परीक्षा घ्यायची. एका सेमिस्टरला एकच सायन्स घ्या, फार तर त्याच्या बरोबर सायकॉलॉजीसारखा एखादा विषय. अॅनॅटॉमी आणि मायक्रो एकत्र घ्यायचा मोह होतो लवकर संपवायचं म्हणून, पण प्रवेश ग्रेडवर मिळतो, वेगावर नाही. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत पॉइंट्सची पद्धत असते, सायन्सच्या ग्रेडना जास्त पॉइंट, टीजच्या स्कोअरला पॉइंट, कुठे त्याच काउंटीत (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) राहता म्हणून पॉइंट, आणि वरून खाली यादी लावतात. तिथे सी आला की पास झालात, पण जागा मिळत नाही. विषय जड जातोय असं वाटलं तर मुदतीच्या आत विथड्रॉ करायचा, पण त्याचीही नोंद राहते आणि काही ठिकाणी तो एक अटेम्प्ट धरतात, तेव्हा आधी विचारा. इथे जुने खराब ग्रेड असलेल्यांसाठी काही कॉलेजं अॅकॅडेमिक रिन्यूअल देतात, म्हणजे ते ग्रेड जीपीएतून, ग्रेडच्या सरासरीतून, काढतात, पण नर्सिंगवाले आपला हिशेब स्वतः करतात आणि त्यात ते परत धरू शकतात.

टीज ही परीक्षा अवघड नाही पण वेळ पुरत नाही. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, रीडिंग, मॅथ, सायन्स आणि इंग्लिश असे चार भाग. मॅथ आपल्याला सोपं जातं, फक्त पाउंड, औंस, क्वार्ट ह्यांचा हात बसवा. सायन्समध्ये सगळ्यात जास्त प्रश्न अॅनॅटॉमी-फिजिऑलॉजीचेच असतात, म्हणून अॅनॅटॉमी दोन संपल्या संपल्या लगेच द्या. मराठी माध्यमवाल्यांना रीडिंग नडतं, उतारा समजतो पण वेळ जातो, त्यावर इलाज एकच, दोन महिने रोज घड्याळ लावून दोन उतारे.

पैसे आणि व्हिसा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकायला परवानगी आहे, नोकरीला नाही, त्यासाठी ईएडी हे कामाच्या परवानगीचं कार्ड लागतं आणि ते नवऱ्याची किंवा बायकोची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठीची पिटिशन, मंजूर असेल तर मिळू शकतं, हा नियम २०१५ पासून आहे. स्टाफ नर्सच्या नोकरीवर स्वतःचा एच-१बी, नोकरीचा व्हिसा, मिळणं फार अवघड असतं, म्हणून डिग्री पूर्ण होईल तेव्हा तुमच्याकडे कामाची परवानगी असेल का हा हिशेब सुरुवातीलाच मांडा, आणि शंका असेल तर वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा. तुमच्या राज्यात लायसन्सला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का तेही बोर्डाच्या साइटवर बघून ठेवा. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा फॉर्म, भरा, पण पेल ग्रँट, परत न करायची सरकारी मदत, पहिल्या बॅचलर्ससाठी असते आणि भारतातली डिग्री त्यात मोजली जाऊ शकते, फॉर्मवर डिग्री लपवू नका. फेडरल कर्ज मात्र मिळू शकतं. कम्युनिटी कॉलेजात आपल्या काउंटीचे रहिवासी म्हणून फी खूप कमी पडते, एच-४ ला तो दर मिळतो का हे राज्याराज्यावर आहे.

प्रवेश मिळाला की हेल्थ क्लिअरन्सचा फॉर्म येतो आणि इथे पुन्हा आपल्या लोकांचं एक वेगळं प्रकरण. लहानपणी दंडावर बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे टीबीची त्वचेवरची टेस्ट केली की ती सुजून वर येऊ शकते आणि मग एक्स-रे, चौकशा, धावपळ. डॉक्टरांना आधीच सांगा की बीसीजी झालंय, मला क्वांटिफेरॉन रक्ताची टेस्ट द्या, बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या ह्यांच्या लसीचे कागद आपल्याकडे कुणाकडेच नसतात, रक्तातून टायटर, म्हणजे प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी टेस्ट, करून घ्या. हिपॅटायटिस बीचा जुना तीन डोसांचा कोर्स पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, त्यामुळे फॉर्म यायची वाट न बघता प्रीरेक्विझिट चालू असतानाच हे सुरू करा. सीपीआरचं कार्ड अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस, ते दोन वर्षं चालतं. बॅकग्राउंड चेक आणि ड्रग टेस्टही होते.

प्रोग्राम सुरू झाल्यावरचं वेळापत्रक आधी घरात बसून बोला, खरंच बोला. क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष ट्रेनिंगच्या, दिवशी मी पहाटे पावणेसहाला घराबाहेर पडायची, बारा तासांचा दिवस, पाय ठणकायचे, आणि दुसऱ्या दिवशी औषधांच्या डोसच्या गणिताची टेस्ट, जिच्यात आमच्याकडे नव्वद टक्के हवेच होते नाहीतर क्लिनिकल बंद. दोन वर्षं माझ्या सासूबाई सहा-सहा महिने येऊन राहिल्या, नवऱ्याने स्वयंपाक शिकून घेतला, पोळ्या आम्ही विकत आणल्या. ज्यांना असा आधार नाही त्यांनी संध्याकाळ-वीकेंडचा पार्ट टाइम प्रोग्राम शोधावा, असतात असे, वर्षभर जास्त लागतं पण माणूस मोडत नाही.

आणि एवढे पैसे, एवढी वर्षं घालायच्या आधी सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचं काम, करून बघा असं मी प्रत्येकीला सांगते. फेडरल नियमाप्रमाणे कमीत कमी ७५ तासांचं ट्रेनिंग, काही राज्यांत जास्त, आणि मग नर्सिंग होममध्ये काम. पेशंटला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, डायपर बदलायचा, भरवायचं. आपल्याकडे ह्या कामाकडे बघायची नजर अजून वाईट आहे, माझ्याच एका नातेवाइकाने विचारलं होतं, एवढी शिकलीस आणि हे काम करणार? मला त्याचं आजही दुःख होतं. पण त्याच नर्सिंग होममध्ये एक गुजराती आजी होत्या, दोन दिवस जेवल्या नव्हत्या, मी त्यांना मोडक्या हिंदीत विचारलं तर म्हणाल्या, भात थंड आहे. मायक्रोवेव्हमध्ये गरम करून आणला, सगळा संपवला. आता हॉस्पिटलमध्येही मराठी, हिंदी बोलणारे म्हातारे पेशंट येतात, त्यांच्याशी मी आपल्या भाषेत गप्पा मारते, पण ऑपरेशनच्या संमतीचं, औषधांचं समजावणं हॉस्पिटलच्या अधिकृत दुभाषामार्फतच करते, आणि तुम्हीही तसंच करा.

एनक्लेक्सबद्दल फक्त इतकंच. एप्रिल २०२३ पासून ती नव्या स्वरूपात आहे, केस स्टडी देतात, अर्धवट बरोबर उत्तरालाही काही मार्क मिळतात, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास, फी २०० डॉलर. माझी ८५ ला बंद झाली आणि स्क्रीन काळी झाल्यावर मला वाटलं गेलं सगळं, पण ८५ ला बंद होणं म्हणजे नापास असं अजिबात नाही. कॉलेज संपल्यावर जितक्या लवकर देता येईल तितकी द्या, घर लावायचं, भारतात जाऊन यायचं हे नंतर.

फॉल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या, बॅचचे फॉर्म पुष्कळ ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच बंद होतात, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तोपर्यंत बहुतेक प्रीरेक्विझिट पूर्ण, टीज दिलेली, ट्रान्सक्रिप्ट पोचलेला लागतो. भारतातून ट्रान्सक्रिप्ट यायला मला चार महिने लागले. म्हणजे पुढच्या वर्षीची बॅच धरायची असेल तर मामेभावाला फोन ह्याच आठवड्यात करावा लागेल, आणि अॅनॅटॉमी एकला येत्या सेमिस्टरलाच नाव घालावं लागेल, रिपोर्ट यायची वाट न बघता.